कपाशीवर फवारणारे गडी: मास्क पुरेसा आहे का, पेट्रोल पंपाचं प्रमाण काय, रक्त कधी तपासायचं?

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्हा, १४ एकर कपाशी. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचं काम दोन गडी ठेक्याने करतात. तेच दोघे आसपासच्या शेतांवरही जातात, म्हणजे हंगामात आठवड्यातले पाच दिवस तरी त्यांच्या पाठीवर पंप असतो. एक बॅटरीचा १६ लिटरचा पंप आहे, दुसरा पेट्रोलचा. औषधं नेहमीचीच: प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिनची तयार जोडी, डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड.

२०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो भरती झाली. तेव्हापासून "काळजी घ्या" हे सगळेच सांगतात. मला नेमकं हवंय:

१) दुकानातून मिळणारं किट (पातळ हातमोजे, कापडी मास्क, गॉगल, टोपी) खरंच कामाचं आहे का?
२) पेट्रोल पंपाला तिप्पट औषध टाकायचं असं पत्रकात असतं. ते गड्याच्या अंगावर तिप्पट येतं का?
३) रक्ताची कोणती तपासणी, कधी, आणि आकडा कसा वाचायचा?
४) शेतात गडी गरगरून बसला तर ऊन लागलं की विष लागलं, हे कसं ओळखायचं?

कीडसर्वेक्षण

पहिल्या प्रश्नापासून धरतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपण मास्क पाहतो आणि समाधान मानतो. कपाशीत फवारणाऱ्याच्या शरीरात विष जातं ते मुख्यतः कातडीतून. नाकाचा वाटा त्यापुढे लहान असतो. पेट्रोल पंप त्याला थोडा अपवाद, त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन घेऊन माणसाच्या त्वचेवर झालेल्या जुन्या मोजमापात हाताच्या पुढच्या भागातून लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के आत गेलं, तळहातातून १२, टाळूतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळपास सगळं. आता छातीएवढ्या पऱ्हाटीतून चालणाऱ्या गड्याची पँट कुठे भिजते ते बघा. मांड्या आणि जांघ. पंपाचं झाकण गळत असेल तर पाठीवरून ओघळ कमरेपर्यंत जातो तो वेगळा. म्हणून हजार रुपये खर्चायचे असतील तर मास्कच्या आधी गुडघ्याखाली पोचणारा प्लास्टिकचा ॲप्रन किंवा रेनकोटची पँट घ्या. नुसत्या रेनकोटच्या पँटनेही फार फरक पडतो.

दुसरी जागा म्हणजे औषध कालवण्याची. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनच्या तयार जोडीचं प्रमाण १० लिटरला २० मिली, म्हणजे ५०० पट पातळ. कालवताना चमचाभर, म्हणजे ५ मिली, मूळ औषध हातावर सांडलं तर त्यातलं विष अडीच लिटर तयार फवाऱ्याइतकं असतं. दिवसभर फवारूनही कातडीवर बहुधा इतकं येणार नाही. पाच मिनिटांच्या कामात दिवसाचा डोस अंगावर घेतला जातो, आणि ते काम बहुतेक ठिकाणी उघड्या हाताने, बाटलीच्या बुचाने मापून, पऱ्हाटीच्या काडीने ढवळून होतं.

हातमोजे नायट्राइलचे हवेत. जाड, आतून अस्तर नसलेले, मनगटाच्या बरेच वर येणारे. अस्तर एकदा भिजलं की ते विष हाताला दिवसभर चिकटवून ठेवतं. सुती किंवा चामड्याचे मोजे त्याच कारणाने नकोत. किटमधले पारदर्शक पातळ मोजे झाकण फिरवतानाच फाटतात, ते बाद समजा. बारीक गोष्ट पण महत्त्वाची: उंच कपाशीत लान्स (फवारणीची लांब नळी) वर धरावी लागते, म्हणून मोजा बाहीच्या वर घ्या आणि त्याची कड बाहेर दुमडा. म्हणजे हातावरून ओघळणारं त्या दुमडीत अडकतं, कोपराकडे जात नाही. जमिनीकडे फवारत असाल तर उलट, बाही मोज्यावर. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेर, कोंबू नका, नाहीतर बूट आतून भरतो. मोजे काढण्याआधी ते हातात असतानाच साबणाने धुवा.

मापाला खुणा असलेला प्लास्टिकचा कप, ढवळायला वेगळी काठी, तोंडावर गॉगलपेक्षा पूर्ण पारदर्शक ढाल. आधी पंपात निम्मं पाणी, मग बादलीत कालवलेलं औषध, मग उरलेलं पाणी. रिकाम्या पंपात आधी औषध ओतलं की वरून पडणाऱ्या पाण्याने ते उडतं. ओतताना बाटली कमरेखाली धरा, डोळ्यांच्या पातळीला कधीच नको.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. ज्या हाताने नोझल उघडलं त्याच हाताने खर्रा घोटून गालात ठेवला तर कितीही भारी किट वाया. पुडी शेताबाहेर राहू द्या. यावर तडजोड नको, बाकी कशावरही करा.

नोझल_वायसर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, अंगावर पडणाऱ्या प्रत्येक थेंबात तिप्पट येतं. हिशोब असा. साध्या पंपाला एकरी २०० लिटर पाणी धरलं, १० लिटरला २० मिली, म्हणजे एकरी ४०० मिली. १६ लिटरच्या टाकीला ३२ मिली, एकराला १२-१३ टाक्या. पेट्रोल पंप तेच एकर ६५-७० लिटरमध्ये उरकतो, म्हणून १० लिटरला ६० मिली. पिकावर एकरी औषध तेवढंच जातं, पण द्रावण तिप्पट दाट होतं. चूक होते ती इथे: तिप्पट दाट करायचं आणि पाणी मात्र सवयीने दीडशे लिटर मारायचं. मग एकरी ९०० मिली जातं, पिकालाही आणि माणसालाही. बॅटरी पंपाला हे तिप्पटचं गणित अजिबात लागू नाही. तो साधाच पंप आहे, फक्त हात मारायचे श्रम वाचतात.

थेंबाचा आकारही बदलतो. साध्या पंपाच्या हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणाऱ्या) नोझलचा थेंब साधारण १५० ते ३०० मायक्रॉन, पेट्रोल पंपाचा ५० ते १५०. बारीक थेंब हवेत तरंगत राहतो आणि श्वासातून घशापर्यंत जातो. म्हणून पेट्रोल पंपवाल्याला खरा श्वसन मास्क हवाच: अर्ध्या चेहऱ्याचा, रबरी, दोन बाजूंना हवा गाळणारे डबे, ज्यावर ए आणि पी ही दोन्ही अक्षरं असतील (तपकिरी पट्टा वाफेसाठी, पांढरा कणांसाठी). दाढी असेल तर तो बसत नाही, बाजूने हवा आत येते. आत वास यायला लागला की डबा संपला. कापडी रुमाल बांधून फवारणं तर नको नको. तो अर्ध्या तासात भिजतो आणि मग ते विषाने ओलं फडकं तोंडाला बांधल्यासारखंच होतं.

माझं मत विचाराल तर छातीवर गेलेल्या कपाशीत पेट्रोल पंप वापरू नका. पिकाच्या दोन भिंतींमध्ये धुकं कोंडतं आणि माणूस त्याच धुक्यातून पुढे चालतो.

पंपाची तपासणी सकाळी साध्या पाण्यावर, पाच मिनिटं:

- झाकणाचं वायसर: चपटं किंवा चिरलेलं असेल तर बदला. पंप भरून पाठीवर घ्या, वाका, पाठीवर ओल येते का बघा. पाठ भिजते ती बहुधा इथूनच.
- ट्रिगरचं ओ-रिंग आणि लान्सचा जोड: हात भिजतात ते इथून. टेफ्लॉनची टेप तात्पुरती, वायसर कायमचं.
- नळीला क्लॅम्प हवा. तारेने आवळलेली नळी दाबाखाली सुटते आणि सरळ मांडीवर धार येते.
- नोझलचं भोक झिजलं की थेंब मोठे होतात आणि औषध जास्त जातं. एक मिनिट भांड्यात धरून मोजा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त येत असेल तर बदला.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात. हे बंद करा. खिशात जुना टूथब्रश आणि एक जादा नोझल ठेवा. तुंबलेलं बाजूला काढा, दुसरं लावा, धुणं घरी. तुंबायचं मूळ कारण भरण्याच्या तोंडावरची जाळी काढून टाकलेली असते, तीही परत बसवा. पाठ आणि टाकी यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा बांधला तर पट्ट्यातून झिरपणारंही थांबतं. पट्टे कापडी असतील तर रोज धुवा, ते विष धरून ठेवतात.

वारा ताशी ३ ते १५ किलोमीटर बरा. पानं हलावीत, पण बारीक फांद्या सतत हलायला लागल्या की थांबा. अगदी पान हलत नाही अशी पहाटही वाईट, फवारा तिथेच लोंबत राहतो. सुरुवात शेताच्या त्या टोकाला करा जिकडे वारा जातो. वाऱ्याला आडवं चाला आणि प्रत्येक फेरीला वारा येतो त्या बाजूला सरका. म्हणजे पुढची ओळ नेहमी कोरडी मिळते. लान्स वाऱ्याच्या खालच्या अंगाला. समोर धरून आपल्याच फवाऱ्यात चालण्याची सवय मोडायला दोन दिवस लागतात, पण मोडते.

पऱ्हाटीवाला

मनापासून आभार. झाकणाच्या वायसरचं लगेच बघतो, दोन्ही गड्यांच्या सदऱ्याला पाठीवर डाग आहेत खरे. आणखी एक विचारतो. दुकानदार तीन बाटल्या एकत्र करायला सांगतात: अळीचं, रसशोषक किडीचं आणि वर टॉनिक. गड्याच्या दृष्टीने त्यात काही वाढीव धोका आहे का?

कीडसर्वेक्षण

आहे, आणि बेरजेपेक्षा जास्त आहे. पायरेथ्रॉइड गटाचं औषध (सायपरमेथ्रिनसारखं) शरीर एका विकराने (एन्झाइमने) फोडून निकामी करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे प्रोफेनोफॉससारखं, नेमकं तेच विकर अडवतं. किडीत हाच परिणाम हवा असतो म्हणून तयार जोडी विकतात. माणसाच्या शरीरातही तेच घडतं. त्यावर आणखी तिसरं टाकलं की दवाखान्यात डॉक्टरला लक्षणांवरून काहीच उमजत नाही. शिवाय तिन्हीतले द्रावक मिळून कातडीतून आत जाणं सोपं करतात. एका वेळी एकच औषध किंवा लेबलवर मान्य असलेली तयार जोडी, एवढंच ठेवा.

बाटलीच्या लेबलवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही सांगतो. लाल म्हणजे तोंडावाटे किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये निम्मे उंदीर मरतात, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्या वर. ते एका वेळच्या डोसचं माप आहे. दोन महिने रोज थोडं थोडं अंगावर येण्याचं माप त्यात नाही. निळा त्रिकोण बघून उघड्या हाताने कालवणारे बरेच आहेत.

फवारण्या कमी करणं हाही संरक्षणाचाच भाग. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा) सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग आले किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच फवारा. शेजाऱ्याने मारलं म्हणून मारायचं नाही.

ग्रामीण_ओपीडी

तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्याकडे.

तपासणीचं नाव कोलिनेस्टरेज, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट ज्याला अडवतं ते मज्जातंतूंच्या कामाचं विकर. दोन प्रकार आहेत. रक्तद्रवातलं लवकर घसरतं आणि काही आठवड्यांत सावरतं. लाल पेशींमधलं मज्जातंतूंची खरी अवस्था जास्त चांगली सांगतं, पण सावरायला तीन-चार महिने घेतं. तालुक्याच्या लॅबमध्ये बहुधा पहिलंच होतं, तेही चालेल. अट एकच: हंगामाआधी, किमान ३० दिवस ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट (तसंच काम करणारा दुसरा गट) औषधांना हात न लावलेल्या काळात, एक आकडा घेऊन ठेवायचा. मेअखेर उत्तम. पुढची प्रत्येक तपासणी त्याच लॅबमध्ये.

हा पहिला आकडा का लागतो ते बघा. लॅबची नेहमीची मर्यादा समजा ५,३०० ते १२,९००. गड्याचा मेमधला आकडा १०,०००. सप्टेंबरात ५,८०० आला. रिपोर्टवर लिहिलेलं असेल "नॉर्मल". प्रत्यक्षात ४२ टक्के घसरण आहे, आणि या माणसाने पंप खाली ठेवायला हवा. कॅलिफोर्नियात शेतमजुरांसाठी कायद्याने ठरलेली मापं वापरण्याजोगी आहेत: स्वतःच्या मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर कामाची पद्धत तपासा. रक्तद्रवातलं ६० टक्के किंवा लाल पेशींतलं ७० टक्के किंवा त्याखाली गेलं तर या औषधांपासून पूर्ण दूर, आणि पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत दूरच. आकडा उतरलेला असताना माणूस ठणठणीत दिसू शकतो. पुढचा छोटासा डोस मात्र त्याला आडवा करतो. "काल एवढंच मारलं, काही झालं नाही, आज कसं झालं?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

मर्यादा लक्षात असू द्या. तुमच्या यादीतल्या प्रोफेनोफॉससाठीच ही तपासणी उपयोगी. डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांचा यात मागमूसही दिसत नाही.

आता ऊन की विष. ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं, तहान भयंकर, डोळ्याची बाहुली नेहमीसारखी. ऑर्गॅनोफॉस्फेट लागलेल्याच्या तोंडात लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, सावलीतही मोठी न होणारी. पोटात मुरडा, उलटी, जुलाब, छातीत घरघर, पापणी किंवा दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात. घाम दोन्हीकडे, त्यावर जाऊ नका. नुसती चेहऱ्याची चुणचुण असेल तर बहुधा पायरेथ्रॉइड. फिप्रोनिलने झटके येऊ शकतात. शंका असेल तेव्हा विषच समजून वागा, कारण कपडे काढून धुतल्याने ऊन लागलेल्याचंही भलंच होतं.

करायचं ते या क्रमाने. बाहेर सावलीत आणा. कपडे सगळे काढा, करगोटा आणि चड्डीसकट. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. साबण आणि भरपूर पाण्याने १५ ते २० मिनिटं: केस, कानामागे, काखा, जांघा, नखं. चोळू नका, सोलवटलेल्या कातडीतून जास्त जातं. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं नुसतं पाणी. दूध, तूप, लिंबूपाणी, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. उलटी करवू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबरही पंपाच्या टाकीवर लिहून ठेवा.

बाटली किंवा तिचं लेबल सोबत आणाच. ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम आहे. डायफेन्थ्युरॉनवर किंवा फिप्रोनिलवर असा उतारा नाही, तिथे लक्षणांनुसार उपचार. "कपाशीचं औषध होतं" एवढ्यावर डॉक्टरला अंदाजाने चालावं लागतं.

आणि बोलताना शब्द जपा. आपल्याकडे "औषध घेतलं" म्हणजे प्यायला. गडबडीत तसं बोललं गेलं की कागदावर आत्महत्येचा प्रयत्न लिहिला जातो. पहिलं वाक्य हे असू द्या: "फवारताना अंगावर आलं, प्यायलेला नाही." कागदावर तसंच उतरलंय का ते वाचून घ्या.

बरं वाटलं म्हणून त्याच संध्याकाळी घरी नेऊ नका. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये पहिली लक्षणं ओसरल्यावर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान श्वासाचे स्नायू दमतात. त्याची पहिली खूण घरच्यांनाही कळते: उताण्या झोपलेल्या माणसाला उशीवरून मान उचलता येत नाही. ती दिसली की व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी, लगेच.

सातबारा_बिनचा

वरच्या डॉक्टरसाहेबांच्या कागदाच्या मुद्द्याला पैशाचीही बाजू आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते, आत्महत्या नाही. पण ती योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसापुरती आहे. तुमचे दोन्ही गडी भूमिहीन असतील तर ते तिच्यात बसत नाहीत. त्यांचा अपघात विमा मालकाने हंगामाआधी काढून द्यावा, आणि विषबाधा त्यात धरली आहे का हे पॉलिसीवर वाचूनच.

घरच्या बायांचं कुणी बोललं नाही. पाणी त्या आणतात, कपडे त्या धुतात. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, मोजे घालून, गरम पाणी आणि पावडर टाकून दोनदा धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. लहान मुलांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. मूळ औषध सांडलेला कपडा धुवायचाच नाही, टाकून द्यायचा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई या कामाच्या आसपासही नको, आणि अठराच्या खालचं पोरही.

औषधाचे रिकामे डबे तीनदा विसळायचे: चौथा हिस्सा पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं, ते पाणी पंपातच ओतायचं. मग डब्याला भोकं पाडायची. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं होतं. आपल्याकडे औषधाच्या पाच लिटरच्या कॅनचे अजूनही पाण्याचे डबे होतात.

पऱ्हाटीवाला

सगळं लिहून घेतलंय. शेवटचं एक: ॲट्रोपिनच्या गोळ्या शेतात ठेवाव्यात, फवारणीआधी एक घेतली की त्रास होत नाही, असं इकडे सांगतात. ठेवू का?

ग्रामीण_ओपीडी

नका ठेवू भाऊ. ॲट्रोपिन घाम बंद करतं. ऑगस्टच्या दमट उकाड्यात, अंगावर प्लास्टिक घालून, घाम न येणारा माणूस दोन तासांत उष्माघाताने पडेल. दुसरं, लाळ आणि बारीक बाहुली या पहिल्या खुणा ती गोळी झाकते, स्नायूंच्या अशक्तपणावर मात्र काही करत नाही. म्हणजे इशारा गेला आणि विष चालूच. दवाखान्यात ते शिरेतून, छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत देतात. गोळीचा आणि त्याचा संबंध नाही.

त्या पैशात २० लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन, दोन साबण आणि एक जोडी जुने कपडे शेताच्या कडेला ठेवा. आणि काम सकाळी सहा ते दहा, मग थेट आंघोळ. त्या वेळेत ॲप्रन आणि मोजे अंगावर सहन होतात. दुपारी बारा वाजता कुणीच घालत नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही.